परदेशात घेतलेले कपडे, बूट, बॅगा: पार्सलला होकार देण्याआधी क्यूसी फोटो कसे तपासायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीन किंवा जपानमधून एजंटमार्फत कपडे, बूट, बॅगा मागवणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक प्रश्न आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. क्यूसी फोटो म्हणजे काय आणि ते कोण काढतं?

ताओबाओ, १६८८, वेईडियन अशा चिनी खरेदी संकेतस्थळांवरचे बहुतेक विक्रेते थेट परदेशात माल पाठवत नाहीत. एजंट तुमच्या वतीने खरेदी करतो, माल त्याच्या तिथल्या गोदामात येतो, तिथला कर्मचारी पाकीट उघडून फोटो काढतो, वजन करतो आणि तुमच्या खात्यात टाकतो. हेच क्यूसी (क्वालिटी चेक, म्हणजे दर्जा तपासणीचे) फोटो. ते पाहून तुम्ही ठरवायचं की माल पुढे पाठवायचा, बदलून घ्यायचा की परत करायचा.

गोदामातला माणूस रंग, साइज आणि नग ऑर्डरशी जुळतात का एवढंच बघतो. एका वस्तूला त्याच्याकडे एक-दोन मिनिटं असतात. शिलाई वाकडी आहे की नाही हे तो तपासत नाही, ते काम तुमचं. जपानी प्रॉक्सी सेवांमध्ये (तिथले एजंट) तर फोटो बऱ्याचदा आपणहून मिळतही नाहीत, ते पैसे भरून मागावे लागतात.

२. फोटो आल्यावर आठवडाभराने पाहिले तर चालेल ना?

नाही. चीनच्या ग्राहक संरक्षण कायद्यातली सुधारणा १५ मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्या कलम २५ नुसार ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून ७ दिवसांत कारण न देता परत करता येते, परतीचा वाहतूक खर्च मात्र खरेदीदाराचा. ऑर्डरनुसार बनवून घेतलेल्या वस्तू यातून वगळल्या आहेत. म्हणजे नाव भरतकाम करून घेतलेला शर्ट किंवा मापाने शिवलेला कोट परत जाणार नाही.

लोक चुकतात ते इथे: हे ७ दिवस माल गोदामात पोचला त्या दिवसापासून धरतात. फोटो चढायला कधी दोन दिवस लागतात, आणि एजंटला माल परत पाठवायलाही वेळ हवा असतो. त्यामुळे एजंटची स्वतःची मुदत सातपेक्षा कमीच असते. गोदामात माल साठ-नव्वद दिवस फुकट ठेवता येतो, याचा परतीच्या मुदतीशी काही संबंध नाही. १६८८ ही घाऊक बाजारपेठ असल्याने तिथे परतीची अट विक्रेत्यागणिक बदलते, ऑर्डर करण्याआधीच वाचा.

जपानमध्ये पोस्टाने किंवा ऑनलाइन केलेल्या खरेदीला कूलिंग-ऑफचा (ठरावीक दिवसांत कारण न देता व्यवहार रद्द करण्याचा) हक्क नाही. दुकानाने परतीच्या अटी लिहिल्या असतील तर त्याच लागू. काहीच लिहिलं नसेल तर ८ दिवसांत स्वखर्चाने परत करता येतं. हेही व्यावसायिक विक्रेत्यांपुरतंच, खासगी माणसाने विकलेल्या जुन्या वस्तूला हा नियम लागत नाही. मेरकारी या जुन्या वस्तूंच्या जपानी ॲपवर खरेदीदाराने ‘माल मिळाला’ म्हणून मूल्यांकन दिलं की व्यवहार संपतो, आणि प्रॉक्सी ते माल येताच देऊन टाकू शकते. तिथे शंका फोटोवर नव्हे, खरेदी करण्याआधीच विचारायच्या.

३. जास्तीचे फोटो कसे मागायचे?

गोदामाने स्वतःहून दिलेले तीन ते पाच फोटो ‘हीच वस्तू आहे’ इतकंच सांगतात. बाकीचे मागावे लागतात, आणि ते माल पोचण्याआधी ऑर्डरच्या शेऱ्यात मागितलेले बरे, म्हणजे पाकीट पुन्हा उघडावं लागत नाही आणि दिवस वाचतो.

मागणी मशीनने भाषांतरित होऊन समोर जाते. म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट लिहा. ‘जरा नीट जवळून फोटो द्या’ याला अर्थ नाही. ‘दोन्ही बूट शेजारी ठेवा. टाचा कॅमेऱ्याकडे. कॅमेरा टाचेच्या उंचीवर.’ हे कळतं. त्याहून चांगलं म्हणजे आलेल्या फोटोवरच लाल गोल काढून ‘या जागेचा फोटो, १० सेंटीमीटरवरून’ असं लिहून पाठवा.

४. फोटो उघडल्यावर आधी काय बघू?

आधी ओळख पटवा, दोष नंतर. ऑर्डर क्रमांकाची चिठ्ठी, रंग, लेबलवरची साइज, नग, आणि सोबतच्या वस्तू (पट्टा, जादा नाड्या, धूळपिशवी) बघा. मग वस्तू लांबून पाहा: आकार, समतोल, डावं-उजवं. झूम सगळ्यात शेवटी. सुरुवातीलाच झूम केलं की माणूस एका सुटलेल्या धाग्यावर अडकतो आणि बाही दुसऱ्याच मॉडेलची आहे हे नजरेतून सुटतं.

शेजारी विक्रेत्याचं पान उघडं ठेवा, किंवा ऑर्डर करतानाच त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. पान नंतर बदलतं, कधी गायबही होतं, आणि वाद झाला तर ‘पानावर असं होतं’ हे दाखवायला तेवढाच पुरावा उरतो. संकेतस्थळावर दिसतो तो फोटो बहुधा दाबून लहान केलेला असतो, तपासायला मूळ फाइल डाउनलोड करा.

५. रंग पानावरच्यापेक्षा वेगळा दिसतोय. चुकीचा माल आलाय का?

बहुतेक वेळा नाही. विक्रेत्याचा फोटो स्टुडिओतला आणि वर एडिट केलेला. गोदामातला फोटो छतावरच्या एलईडीखाली, कॅमेऱ्याच्या ऑटो सेटिंगवर काढलेला. पूर्ण चौकट काळ्या जॅकेटने भरली की कॅमेरा प्रकाश वाढवतो आणि काळं राखाडी दिसतं. पांढऱ्या बुटाने भरली की तो प्रकाश कमी करतो आणि पांढरं मळकट दिसतं. भडक लाल आणि फ्लुरोसंट रंगांमध्ये तर कापडाचा पोतच पुसला जातो.

उपाय सोपा आहे: वस्तूशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून फोटो मागा. फोटोत कागद निळसर असेल तर वस्तूचा खरा रंग दिसतो त्यापेक्षा थोडा उबदार आहे, पिवळसर असेल तर उलट. स्वतःच्या फोनचा नाइट मोडही बंद करा. रात्री अकरा वाजता पिवळट पडद्यावर क्रीम की ऑफव्हाइट हे ठरवत बसण्यात अर्थ नाही.

रंगाची तक्रार खरी ठरते ती एकाच फोटोत दोन भाग जुळत नसतील तेव्हा: उजवी बाही डाव्याहून फिकी, एका बुटाचा सोल दुसऱ्याहून पिवळा. प्रकाश दोघांवर तोच असतो, म्हणून हा फरक मालाचा. काळा आणि नेव्ही यात मात्र फोटोवर विसंबू नका, लेबलवरचा रंगाचा शब्द वाचून घ्यायला सांगा.

६. टेप लावलेला फोटो कसा वाचायचा?

तीन गोष्टी बघा. पहिली, शून्य कुठे आहे. फोटोत टेपचं दुसरंच टोक दिसत असतं आणि सुरुवात चौकटीबाहेर राहते, त्या फोटोचा उपयोग नाही. दोन्ही टोकं दिसायला हवीत. दुसरी, टेप कापडाला टेकलेली आहे का. ती हवेत उचललेली असेल आणि कॅमेरा तिरका असेल तर सहज एक-दीड सेंटीमीटरचा घोळ होतो. तिसरी, कापड सुरकुतलेलं आहे की ताणलेलं. इलॅस्टिकची कंबर सैल ठेवून मोजायची असते.

आणि एक खास चिनी खाच: तिथल्या बऱ्याच शिंपी-टेपांच्या एका बाजूला सेंटीमीटर असतात आणि दुसऱ्या बाजूला ‘छी’ आणि ‘त्सुन’. १ छी म्हणजे ३३.३ सेंटीमीटर, त्याचे १० त्सुन, म्हणजे १ त्सुन ३.३३ सेंटीमीटरचा. आपण त्या रेघा इंच समजून वाचतो. छातीवर १५ दिसले तर ते ५० सेंटीमीटर आहेत, ३८ नव्हेत. ‘कंबर २ छी ४ त्सुन’ म्हणजे ८० सेंटीमीटर. मोठ्या दोन आकड्यांमधलं अंतर टेपच्या रुंदीशी ताडून पाहिलं की कोणती बाजू समोर आहे ते कळतं, न कळल्यास ‘सेंटीमीटरची बाजू वर’ असं सांगून फोटो पुन्हा मागा.

७. माप साइज चार्टशी किती जुळायला हवं?

विक्रेते पानावर ‘हाताने मोजलेलं, १ ते ३ सेंटीमीटर फरक शक्य’ असं लिहून ठेवतात, आणि त्या मर्यादेतली तक्रार ते दोष मानत नाहीत. म्हणून चार्टशी भांडण्यापेक्षा स्वतःच्या अंगाला बसणारा एक कपडा सपाट पसरून मोजा आणि गोदामातल्या मापाशी ताडा: काखेपासून काखेपर्यंत छाती, शिवणीपासून शिवणीपर्यंत खांदा, बाही, मुंढा, मागची उंची. पँटला कंबर, आसन, मांडी, आतली लांबी, मोहरी.

छातीचं सपाट माप दुप्पट केलं की घेर येतो, म्हणजे टेपवर २ सेंटीमीटरचा फरक अंगावर ४ चा होतो. उंचीत २ सेंटीमीटर कमी-जास्त झाले तर चालून जातं. खांद्यात नाही.

८. लेबलवर १७५/९२ए लिहिलंय. ही एल आहे की एक्सएल?

ती अंगाची मापं आहेत, कपड्याची नव्हेत. १७५ म्हणजे उंची सेंटीमीटरमध्ये, ९२ म्हणजे छातीचा घेर (पँटवर कंबरेचा), आणि अक्षर छाती व कंबर यातला फरक सांगतं. पुरुषांमध्ये वाय म्हणजे १७ ते २२ सेंटीमीटर फरक, ए १२ ते १६, बी ७ ते ११, सी २ ते ६. स्त्रियांसाठी वाय १९ ते २४, ए १४ ते १८, बी ९ ते १३, सी ४ ते ८. एल-एक्सएल ही अक्षरं कारखान्यागणिक बदलतात, ही पद्धत चिनी मानकातली आहे. लेबलवर तुमच्या छातीपेक्षा बराच लहान आकडा दिसला तर प्रश्न ७ प्रमाणे मोजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

९. बुटाची साइज फोटोवरून कशी पक्की करू?

युरोपियन आकडा सेंटीमीटरच्या दोन-तृतीयांश मापात असतो आणि तो पायाचा नव्हे, बूट ज्या साच्यावर बनतो त्या साच्याच्या लांबीचा असतो. ४२ म्हणजे २८ सेंटीमीटरचा साचा, साधारण २६.५ च्या पायासाठी. चिनी लेबलवरचा २६५ हा आकडा पायाची लांबी मिलिमीटरमध्ये देतो, जपानी २६.५ सेंटीमीटरमध्ये. म्हणून ब्रँडचा तक्ता बाजूला ठेवा आणि इनसोल (बुटातला आतला तळ) बाहेर काढून टेपसह फोटो मागा. इनसोल पायाहून साधारण एक सेंटीमीटर लांब हवा. तो चिकटवलेला असेल तर टेप बुटात घालून मोजतात, तेव्हा आकडा हमखास थोडा कमी येतो.

जिभेवरचं लेबल, दोन्ही बुटांची आतली मोहोर आणि खोका, चारही जागी एकच साइज आहे ना तेही बघा. डावा ४२ आणि उजवा ४२.५ अशी जोडी येते, आणि घरी पोचल्यावर तिचं काही करता येत नाही.

१०. बुटांमध्ये नेमके कोणते कोन तपासायचे?

मागून, टाचांच्या उंचीवरून: दोन्ही टाचा उभ्या सरळ आहेत का, मागची मधली शिवण मध्यावर आहे का. वरून: दोन्ही पंजांचा आकार सारखा आहे का, छिद्रांची ओळ किती सरळ आहे. बाजूने: पंजा किती वर उचललेला आहे. खालून: सोलचं डिझाइन आणि वापराच्या खुणा. नवीन म्हणून घेतलेल्या बुटाच्या टाचेखाली कडा गुळगुळीत झाल्या असतील तर तो कुणाकडून तरी परत आलेला माल आहे.

सोल आणि वरचा भाग मिळतो ती कड सगळ्यात महत्त्वाची. बाहेर आलेला ग्लू दिसायला वाईट, पण बहुधा निरुपद्रवी, कापडाने निघतो. कोरडी काळी फट मात्र चिकटलेलं नसल्याची खूण. पंजा जिथे वाकतो ती जागा आणि टाचेचा वळसा, या दोन ठिकाणी फट असेल तर बूट परत करा. ती जागा प्रत्येक पावलाला उघडते. शंका असेल तर कर्मचाऱ्याला बोटाने हलकं दाबून व्हिडिओ काढायला सांगा, स्थिर फोटोत सावली आणि फट सारखीच दिसते.

एक सावधगिरी: कॅमेरा जवळ नेला की पुढचा भाग फुगतो. समोरून काढलेल्या फोटोत एक पंजा मोठा दिसला म्हणजे बूट वेडावाकडा असं नाही. लांबून झूम करून काढलेला दुसरा फोटो मागा, मग ठरवा.

११. दहा वर्षांपूर्वीचे, पण न वापरलेले बूट घेतलेत. फोटोत झकास दिसतात. पाठवू?

सोल कशाचा आहे ते आधी शोधा. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतं, बूट खोक्यात बंद असला तरी. दिसायला नवा राहतो आणि घातल्यावर पहिल्याच फेरीत सोल चुऱ्यासारखा गळतो. बुटावर छापलेली उत्पादनाची तारीख दाखवणारा फोटो मागा, मिडसोल (सोलचा मधला थर) बोटाने दाबल्याचा व्हिडिओ मागा. भेगांचं जाळं, चिकटपणा, पिवळसर पूड दिसली तर थांबा. ईव्हीए (एक हलका फोम) किंवा रबराच्या सोलला हे दुखणं असं होत नाही, ते कडक होतात किंवा आकसतात.

१२. बॅगेत काय बघायचं?

बॅग सपाट जागेवर उभी ठेवून समोरून फोटो, मग ती झुकते का आणि दोन्ही हँडल एका उंचीवर आहेत का ते दिसतं. हँडल जिथे शिवलंय ती मुळं जवळून बघा, वजन तिथे येतं: टाके सुटे, दुहेरी छिद्रं, वाकडा चौकोन असेल तर नको. कडेचा रंग (चामड्याच्या कापलेल्या कडेवर लावतात तो) फोडांसारखा उठलेला किंवा चिरलेला असेल तर तो पुढे सोलत जातो. चेन अर्धी उघडून आतलं अस्तर दाखवायला सांगा. बक्कल आणि धातूवर निळसर प्लास्टिक असेल तर त्याखालचा ओरखडा की प्लास्टिकची सुरकुती हे कळत नाही, आणि ते काढायला सांगण्याआधी प्रश्न १८ वाचा.

१३. कपड्यांवरचे किती दोष खरे दोष?

सुटलेला धागा हा दोष नाही, कात्रीचं काम आहे. इस्त्री नसणं, घडीची रेघ, थोडी धूळ, हेही सोडा.

खरे दोष असे: टीप मध्येच तुटलेली किंवा टाके सोडलेले, शिवणीशेजारी सुईच्या छिद्रांची दुसरी रांग (उसवून पुन्हा शिवल्याची खूण), कॉलरची दोन टोकं कमी-जास्त, काज आणि बटण एकमेकांसमोर नसणं, बाजूच्या शिवणीवर किंवा खिशावर चौकडी न जुळणं. शेवटचा दोष स्वस्त मालात सगळीकडे असतो. विक्रेत्याच्या फोटोतही चौकडी जुळत नसेल तर तक्रार टिकणार नाही.

टाके मोजता येतात. शिवणीजवळ टेप ठेवून फोटो मागा: जीन्सवर सेंटीमीटरला साधारण तीन, शर्टावर चार-पाच असतात. आकड्यापेक्षा दोन्ही बाजूंना तो सारखा असणं महत्त्वाचं. छापील चित्राचं अंतर कॉलरपासून आणि दोन्ही बाजूंच्या शिवणींपासून मोजून घ्या. अर्धा सेंटीमीटर तिरकं कुणाला दिसत नाही, दोन सेंटीमीटर लगेच दिसतं.

१४. कापड जाड आहे की पातळ, हे फोटोवरून कळतं?

फोटोवरून नाही, वजनावरून कळतं, आणि गोदाम ते फुकट देतं. एल साइजच्या टी-शर्टाला साधारण १.१ ते १.२ चौरस मीटर कापड लागतं. १८० जीएसएमचं (चौरस मीटरला ग्रॅम) असेल तर शर्ट २०० ते २१५ ग्रॅमचा, २४० चं असेल तर २६५ ते २९० चा. त्यात प्लास्टिकच्या पिशवीचे थोडे ग्रॅम मिळवा. पानावर २४० आणि काट्यावर १९० भरलं तर जाहिरातीतलं कापड ते नव्हे.

एवढं मात्र बघा की पानावरचे ‘२६० ग्रॅम’ हे एका चौरस मीटरचे आहेत की पूर्ण शर्टाचे. विक्रेते दोन्ही अर्थांनी लिहितात. कधी वजन ‘जिन’मध्ये येतं, १ जिन म्हणजे ५०० ग्रॅम.

१५. सुती म्हणून घेतलं. खात्री कशी करायची?

बाजूच्या शिवणीतल्या लेबलचा सुवाच्य फोटो मागा आणि भाषांतर ॲपमध्ये घाला. त्यावर धाग्यांची टक्केवारी असते, आणि जीबी १८४०१ हा सुरक्षा मानकाचा उल्लेख ए, बी किंवा सी वर्गासह. ए वर्ग तान्ह्या मुलांसाठी, बी अंगाला लागणाऱ्या कपड्यांसाठी, सी वरून घालायच्या कपड्यांसाठी. फॉर्माल्डिहाइडची मर्यादा अनुक्रमे किलोला २०, ७५ आणि ३०० मिलिग्रॅम. आतून घालायच्या टी-शर्टावर सी वर्ग दिसला तर प्रश्न विचारायला जागा आहे.

लेबल हा दावा आहे, चाचणी नव्हे. लेबलच नसेल तर कापडाबद्दलची तक्रार सिद्ध करणं अवघड, पण ‘पानावर १०० टक्के, लेबलवर ६० टक्के’ ही तक्रार पक्की.

१६. फोटोत काय दिसतच नाही?

वास, कापडाचा स्पर्श, धुतल्यावर रंग जातो का, बूट चावतो का, गॉगलची काच अतिनील किरण अडवते का. चेन अडकते का, बटण दाबून बसतं का, चाकं फिरतात का, हे दहा सेकंदांच्या व्हिडिओत दिसतं, मागा. ओल्या पांढऱ्या कापडाने घासून रंग लागतो का हे काही गोदामं करून देतात, पण डाग राहिला तर परतीचा हक्क गेला.

१७. दोष सापडला. बदलून घेऊ, परत करू की सवलत मागू?

दोष असेल तर वाहतूक खर्च विक्रेत्याने द्यायचा असतो, मन बदललं तर तुम्ही. म्हणून तक्रारीत ‘आवडलं नाही’ असा शब्दही येऊ देऊ नका. दोषाचा एक जवळचा फोटो, त्यावर खूण, शेजारी विक्रेत्याचा फोटो, आणि एक वाक्य, बस.

बदली तेव्हाच मागा जेव्हा दोष त्या एका नगाचा आहे: डाग, सुटलेली टीप, चुकीची साइज. सगळ्या मालातच असलेला दोष (पातळ कापड, वाकडं चित्र) बदलीनेही तसाच येतो, आठवडा मात्र जातो. बदली आलेल्या नगाचे फोटो पुन्हा नव्याने तपासायचे, आधीचा होकार त्याला लागू नाही. सवलत घेतली तर त्याच दोषावर नंतर परत करता येत नाही, हे धरून चाला. स्वतः दुरुस्त करता येईल अशाच दोषावर ती घ्यावी.

१८. खोका फेकायला आणि टॅग काढायला सांगितलं तर वाहतूक स्वस्त होईल ना?

होईल, पण आधी पूर्ण होकार, मग कात्री. टॅग कापला, संरक्षक प्लास्टिक सोललं, खोका फेकला की विक्रेता माल परत घेत नाही.

खोका फेकण्यात खरा फायदा आहे. एक्सप्रेस कंपन्या लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५,००० असं आकारमानाचं वजन काढतात आणि प्रत्यक्ष वजनाशी तुलना करून जास्त असेल ते धरतात. ३५ × २३ × १३ सेंटीमीटरचा खोका २.१ किलोचा ठरतो, आतले बूट सव्वा किलोचे असले तरी. खोका काढला तर बुटात कागद किंवा मोजे भरायला सांगा, नाहीतर टाच दबून येते. ताठ आकाराच्या बॅगेला ही काटकसर नको.

१९. फोटो पाहून वस्तू अस्सल आहे का, हे गोदाम सांगेल का?

नाही, आणि त्याने सांगितलं तरी त्याला अर्थ नाही. फोटो फक्त विसंगती दाखवतात: शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं, लेबल आणि खोक्यावरचा मॉडेल क्रमांक वेगळा. विसंगती न सापडणं हा अस्सलपणाचा पुरावा नाही. ब्रँडची वस्तू नकली असल्याचा संशय असेल तर ती गोदामातूनच परत करा. सीमाशुल्क विभाग नकली माल अडवू शकतो, आणि मग वस्तूही जाते, पैसेही.

२०. त्याच दुकानातून दुसऱ्यांनी घेतलेल्या मालाचे फोटो बघून होकार दिला तर?

खरेदीचा निर्णय घ्यायला ते उपयोगी, होकार द्यायला नाहीत. कारखाना एकाच पानामागे कापड, साचा, छपाई बदलत राहतो. तुमच्या फोटोत तुमच्या ऑर्डरची चिठ्ठी हवीच. ती नसेल तर कुठून तरी उचललेला जुना फोटो लावला नाही ना, हे सांगता येत नाही.

२१. जपानी जुन्या मालावर ‘एबी’ दर्जा लिहिलाय. किती खराब असतो?

प्रत्येक दुकानाची पट्टी वेगळी. साधारणपणे एन किंवा एस म्हणजे न वापरलेलं किंवा जवळपास तसं, मग ए, एबी, बी, सी अशी उतरंड. दोन दुकानांचे एबी सारखे नसतात. दर्जाच्या अक्षरापेक्षा दुकानाने लिहिलेले दोष वाचा: डाग, सोलणं, चिकटपणा, वास. जुन्या बॅगांमध्ये आतल्या खिशांचं कृत्रिम अस्तर चिकट होऊन सोलतं, बाहेरून ती कितीही सुंदर दिसो. आतल्या खिशात बोट घालून काढलेला फोटो मागा. लिहून दिलेला दोष पाहून नंतर तक्रार करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

२२. फोटोत सगळं ठीक आहे, तरी पाठवता येणार नाही असं कधी होतं?

होतं. अजगर, मगर, घोरपडीच्या कुळातले मोठे सरडे यांचं चामडं साइट्स (संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय) करारात येतं. सीमा ओलांडायला परवाना लागतो, आणि तो सामान्य एजंट काढून देत नाही. घड्याळाचा पट्टा एवढासा असला तरी नियम तोच. फोटोत खवल्यांचा नक्षीदार पोत दिसला की लेबल वाचा: गाईच्या चामड्यावर उठवलेला ठसा असेल तर अडचण नाही. ठशाच्या चामड्यात नक्षी ठरावीक अंतरावर तंतोतंत पुन्हा येते, खऱ्यात तशी येत नाही.

दिवे लागणारे बूट, गरम होणारी जॅकेटं यांत लिथियम बॅटरी असते, ती सगळ्या हवाई मार्गांनी जात नाही. अत्तर आणि नेलपॉलिश ज्वालाग्राही म्हणून अडतात. होकार देण्याआधी एजंटला मार्ग विचारून घ्या, कारण परतीची मुदत संपल्यावर ‘हे जाणार नाही’ असं कळलं तर वस्तू गोदामातच पडून राहते.

२३. होकार दिला, आणि मग फोटोत दोष दिसला. आता?

पार्सल बांधलं गेलं नसेल आणि प्रश्न २ मधली मुदत शिल्लक असेल तर लगेच एजंटला लिहा, होकार मागे घेता येतो. मुदत गेली असेल तर विक्रेत्याच्या मर्जीवर आहे, विचारायला हरकत नाही. पार्सल निघून गेल्यावर परत पाठवण्याचा खर्च बहुधा वस्तूच्या किमतीहून जास्त येतो.

घरी आल्यावर जे दिसतं त्यातलं काही वाटेतलं असू शकतं. म्हणून बांधल्यानंतरच्या पार्सलचा फोटो मागून ठेवा आणि ते उघडताना चिठ्ठीपासून सलग व्हिडिओ काढा. गोदामाच्या फोटोत नसलेला ओरखडा वाहतुकीतला, तो विम्यात येऊ शकतो. गोदामाच्या फोटोत आधीच दिसत असलेला ओरखडा मात्र कुणीच भरून देत नाही, कारण तो पाहूनच तुम्ही ‘पाठवा’ म्हटलेलं असतं.